आजीच्या एकादशीला चालतील असे चिप्स

या सदरात आपण दर वेळी काहीतरी चाखतो आणि मग त्यावर मनसोक्त बोलतो. या वेळी पाळी चिप्सची. विषय मात्र मी निवडलेला नाही, आजीच्या डब्याने निवडला.

आजी सोलापूरची. यंदा जानेवारीत गोलगुंबझ एक्स्प्रेसने ती म्हैसूरला आमच्याकडे आली, ती आता इथेच राहणार. गुडघ्यांमुळे तिला सोलापूरच्या घराचा जिना झेपेना. येताना दोन पिशव्या, विठोबाची तसबीर आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात गेल्या वर्षीच्या चैत्रात गच्चीवर वाळवलेले बटाट्याचे वेफर्स. दर एकादशीला ती डबा उघडते, आठ-दहा वेफर्स तळते, झाकण पुन्हा घट्ट लावते. यंदाच्या चैत्रात गुडघे दुखत होते, घर नवं होतं, वाळवण झालंच नाही. जूनच्या शेवटी मी डबा हलवून पाहिला तर आतून नुसता खुळखुळ आवाज. आणि आषाढी तोंडावर.

"आजी, बाहेरून आणू की. इथं गल्लीगल्लीत चिप्सची दुकानं आहेत."

"आण की. पण कशात तळलंय ते विचारून आण."

एवढंच म्हणाली. या एका वाक्याने मला दोन आठवडे म्हैसूरभर फिरवलं.

तुम्ही कर्नाटकात किंवा तमिळनाडूत राहिला असाल तर 'हॉट चिप्स'ची दुकानं तुम्हाला सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगते. रस्त्याकडेलाच मोठी कढई, तिच्यावर आडवी धरलेली किसणी. सोललेला बटाटा तिच्यावर सरसर फिरतो आणि काप थेट उकळत्या तेलात पडतात. मागे काचेच्या कपाटात पिवळेधमक केळ्याचे चिप्स, मिरपूड लावलेले केळ्याचे चिप्स, मरगेणसूचे म्हणजे आपल्या कसाव्याचे, फणसाचे, कारल्याचे, आणि बाजूला निप्पट्टू, कोडुबळे. पावशेर मागितलं की कागदी पुडीत गरम गरम हातात.

सरस्वतीपुरम, वंटिकोप्पल, कुवेंपुनगर आणि देवराज मार्केटच्या बाजूची एक गल्ली, अशी चार दुकानं मी धरली. प्रत्येकाकडून तीन चवी घेतल्या: साधे खारे, लाल तिखटाचे (इथे त्यांना नुसतं 'खारा' म्हणतात, आपला 'खारा' म्हणजे मिठाचा, त्यामुळे पहिल्या दिवशी माझी फजिती झाली आणि डोळ्यांतून पाणी आलं) आणि पुदिन्याचे.

पुदिन्याबद्दल स्पष्टच सांगते. चारपैकी तीन ठिकाणी हिरवा रंग जास्त आणि पुदिना कमी होता. वंटिकोप्पलच्या दुकानात मात्र सुकवलेल्या पुदिन्याचा चुरा दिसत होता, आणि त्यात थोडं काळं मीठ. हे चिप्स घरी पोचायच्या आधी निम्मे संपले. लाल तिखटात कुवेंपुनगरचं दुकान पहिलं, कारण त्यांची मिरची झोंबत नाही, आधी रंग आणि वास देते, तिखटपणा मागून येतो. ब्याडगी मिरचीचं हे वळण कोल्हापूर-बेळगावकडच्यांना सांगावं लागणार नाही. साध्या खाऱ्यात सगळ्यात चांगले मार्केटजवळचे. पातळ, कडेला किंचित दुमडलेले, मोडताना आवाज एकदम कोरडा. तेलाचा थर जिभेवर राहत नाही. दोन चिप्सनंतर बटाट्याची स्वतःची चव कळते, आणि माझ्या मते साध्या चिप्सची परीक्षा तीच.

आता आजीची परीक्षा.

आमच्या घरच्या उपवासात हळद नाही, कांदा-लसूण नाही, कुठलंही धान्य किंवा बेसन नाही, आणि ज्या तेलात ते तळलं असेल ते तेलही नाही. (तुमच्या घरी वेगळं असेल. उपवासाला काय चालतं यावर दोन मराठी घरांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.) या चाळणीतून केळ्याचे चिप्स पहिल्याच फेरीत गळले. केळं उपवासाचं खरं, पण केरळी पद्धतीत हळद-मिठाचं पाणी थेट कढईतल्या गरम तेलात शिंपडतात. तेल तडतडतं, ओरडतं, आणि मीठ आतपर्यंत जातं. चव अप्रतिम, पण हळद. कारल्याच्या चिप्सला बेसन. निप्पट्टूत तांदळाचं पीठ. आणि हे सगळं ज्या कढईत, त्याच कढईत बटाटा. चारही दुकानांत विचारलं, चारही ठिकाणी एकच कढई.

"मग पाकीट आण, साधं मिठाचं," बाबा म्हणाले. बाबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. साध्या खाऱ्या पाकिटावर घटक तीनच असतात: बटाटा, तेल, मीठ. बाकीच्या पाकिटांचं मात्र पाठीमागचं बारीक अक्षर वाचून पाहा. मसाला चवीत कांद्याची पावडर, लसणाची पावडर, आमचूर, साखर. दही-कांद्याच्या चवीत दुधाची पावडर. गोल डब्यात एकावर एक रचलेले, सगळे एकाच मापाचे वाकलेले जे चिप्स मिळतात, त्यांत तर बटाट्याच्या सुक्या चुऱ्याबरोबर धान्याचं पीठ किंवा स्टार्च असतो. काप नसतातच ते, लाटून साच्यात घातलेलं पीठ असतं. इंग्लंडमध्ये यावर खटला झाला होता. प्रिंगल्समध्ये बटाटा साधारण ४२ टक्केच, मग त्याला बटाट्याचे चिप्स म्हणून कर लावायचा का? २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, हो, लावायचा. आजीच्या न्यायालयात उलटा निकाल लागला असता.

चवींचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. चिप्सला मिठापलीकडची चव लावणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. लंडनमध्ये १९२० मध्ये सुरू झालेल्या स्मिथ्स कंपनीच्या पाकिटात चिप्स अळणी असायचे आणि आत निळ्या कागदाच्या पुडीत मीठ वेगळं. आपापल्या चवीने टाकायचं. पुढे १९५४ मध्ये आयर्लंडमध्ये जो मर्फी यांनी टेटो नावाची कंपनी काढली, तिथून चीज-कांद्याची चव निघाली आणि मग जगभर सुरूच झालं. कॅनडात टोमॅटो केचपचे चिप्स, चीनमध्ये काकडीचे, जपानमध्ये समुद्री शेवाळाचे, सिंगापूरमध्ये खारवलेल्या अंड्याचे. आपल्याकडे लेज १९९५ मध्ये आलं, आणि मॅजिक मसाल्याची निळी पाकिटं माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या शाळेच्या दप्तरातून गेलेली आहेत. २०१० च्या सुमारास त्यांनी लोकांकडूनच चवी मागवल्या होत्या, त्यात चक्क आंब्याची एक होती. मी तेव्हा शाळेत होते. पहिला चिप खाल्ला तेव्हा गंमत वाटली, दुसरा खाल्ला तेव्हा संपलेल्या लोणच्याची बरणी आठवली. तरी पाकीट संपवलं.

माझी मैत्रीण सिंगापूरहून खारवलेल्या अंड्याचे चिप्स घेऊन आली होती. कढीपत्ता, मिरची आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाचा जाड, रवाळ थर. महाग आहेत, जड आहेत, पाच-सहाच्या वर खाववत नाहीत, पण एकदा जरूर खा. आजीला दुरूनच दाखवले.

घरच्या घरी करायची सगळ्यात भारी चव मात्र मला सोलापूरनेच दिली. साध्या खाऱ्या चिप्सवर सोलापुरी शेंगाचटणी भुरभुरा, वर दोन थेंब लिंबू. इथल्या चटणीपुडीने आणि चमचाभर साजूक तुपानेही जमतं. म्हैसूरकर चुरमुरीच्या गाड्यावर चिप्सवर किसलेलं गाजर, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून देतात, ते उभ्या उभ्या एका मिनिटात संपवायचं, नाहीतर मऊ पडतं. उपवास नसलेल्या दिवशी हे सगळं करा.

दोन आठवडे संपत आले तरी आजीचा प्रश्न सुटला नव्हता. म्हटलं, घरीच तळू. बटाटा घरचा, तेल नवं, कढई घासलेली. आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे काढले, किसणीवर पातळ काप केले, तेलात सोडले. मिनिटभरात सगळे तपकिरी! काढून चाखले तर कडवट आणि तरीही आतून मऊ. गॅस कमी केला, पुन्हा तेच. आजी दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

आमच्या वरच्या मजल्यावर अन्नतंत्रज्ञान शिकणारी एक ताई राहते. म्हैसूरमध्ये अशी माणसं शेजारी असणं नवल नाही. १९५० पासून इथे चेलुवांबा पॅलेसच्या इमारतीत अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, सगळे तिला सीएफटीआरआय म्हणतात, आणि सैन्याच्या जेवणावर काम करणारी प्रयोगशाळाही याच गावात आहे. ताईने माझा तपकिरी चिप उजेडात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "फ्रिजमध्ये ठेवला होतास ना?"

तिने सांगितलं ते तुमच्याही कामाचं आहे. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. तळताना ही साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांबरोबर करपट रंग धरते, काप कोरडा व्हायच्या आधीच बाहेरून काळवंडतो. भाजीत हे कळत नाही, चिप्समध्ये लगेच कळतं. भाजीचा बटाटा शीतगृहात साधारण २ ते ४ अंशांवर ठेवतात, म्हणून बाजारातला बटाटाही कधी कधी दगा देतो. चिप्सचे कारखानदार त्यांचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि मुळात जातच वेगळी घेतात, ज्यात पाणी कमी आणि साखर अगदी कमी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना १ आणि २ या जाती खास याच कामासाठी काढल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर शेतकरी चिप्स कंपन्यांसाठी करारावर बटाटा लावतात, तोही असाच निवडलेला. म्हैसूरचा जवळचा बटाटा हासनचा, पण तो मे-जूनमध्ये लावतात आणि पावसाळ्याच्या शेवटाकडे काढतात. आषाढात तो अजून जमिनीत.

तपकिरी चिप्स टाकून दे, असंही तिने सांगितलं. जास्त तापमानाला तळलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. रंग जितका गडद, तितकं ते जास्त. म्हणून घरी तळताना फिकट सोनेरी रंगावर थांबायचं.

"मग आजीचे वेफर्स पांढरेशुभ्र कसे फुलतात? तिला कुठे चिप्सोना मिळतो!" मी विचारलं.

ताईने आजीलाच कृती विचारली. आजीने सांगितली, आणि सांगताना खुर्चीत थोडी पुढे सरकून बसली. काप करायचे ते पाण्यातच पाडायचे. पाणी दुधाळ झालं की ओतायचं, पुन्हा नवं, असं तीन-चारदा. रात्रभर तुरटी फिरवलेल्या पाण्यात. सकाळी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात घालायचे, काप पारदर्शक दिसायला लागला पण मोडत नाही, तेवढ्यात काढायचे. मग जुन्या धोतरावर एकेक सुटा पसरायचा, एकावर एक नाही. दोन-तीन कडक उन्हं. मोडल्यावर टक्क आवाज आला की डब्यात.

ताई हसायलाच लागली. तीन-चार पाणी बदलण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवण्यात वरवरची साखर निघून जाते, कारखान्यातही काप धुतात, काही ठिकाणी गरम पाण्यातून काढतात, ते याचसाठी. तुरटीने काप घट्ट राहतो. म्हणजे बाजारात मिळेल तो बटाटा घेऊन सोलापूरच्या उन्हात जे जमलं, ते आजीने गच्चीवर बसून केलं होतं. आणि मी किसणीवरून थेट तेलात टाकून मोकळी!

पण आषाढात ऊन कुठलं? म्हैसूरमध्ये त्या दिवसांत भुरभुर पाऊस, आभाळ भरलेलं, आषाढातल्या शुक्रवारांसाठी चामुंडी डोंगरावर बायकांची गर्दी आणि सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या. वाळवणाचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा आजी म्हणाली, "चल, मला त्या मार्केटजवळच्या दुकानात ने. मी बोलते."

तुम्हाला सांगायचं राहिलं, आजीला कन्नड येतं. सोलापुरात अर्धी गल्ली कन्नड बोलणारी, त्यामुळे तिचं कन्नड उत्तरेकडचं, ठसकेबाज, प्रत्येक वाक्याला 'री' लावणारं. इथल्या लोकांना ते ऐकून हसू येतं, पण छान अर्थाने. रिक्षातून उतरून ती काठी टेकत कढईपाशी गेली आणि दुकानदाराशी दहा मिनिटं बोलली. एकादशी म्हणजे काय ते त्याला सांगायची गरज नव्हती. तो उलट म्हणाला, आमच्या घरी एकादशीला भात नाही, उप्पिट्टू चालतं. आजीने कपाळाला हात लावला. रवा चालतो आणि साबुदाणा नाही! मग तो म्हणाला, अम्मा, बटाटा तरी शास्त्रात कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, नावही त्यांचंच. आजीने यावर क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आमच्या विठोबाला चालतो."

ठरलं ते असं. एकादशीच्या आदल्या दिवशी तो कढई घासून नवं तेल घालतो, पहिला घाणा बटाट्याचा. "बेळिग्गे बन्नि," म्हणाला, सकाळी लवकर या. आणि मीठ? बाबांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, तेव्हा मी अळणीच मागितले. (पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. तुमच्या आवडत्या पाकिटाचा हिशेब एकदा करून पाहा.)

आषाढीच्या आदल्या दिवशी साडेआठला मी छत्री घेऊन दुकानाबाहेर उभी होते. अर्धा किलो अळणी चिप्स, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण या हवेत कागदाच्या पुडीत ते संध्याकाळपर्यंत टिकले नसते. एकादशीला दुपारी वरईचा भात, दाण्याची आमटी आणि वाडग्यात चिप्स. बाबांनी चिमूटभर मीठ घातलं, मी जिऱ्याची पूड आणि मीठ. आजीने आधी नुसताच एक खाल्ला.

"चांगलाय," ती म्हणाली. "पातळ आहे. तेल चांगलं आहे." मग दुसरा उचलला. "पण वेफर नाही हा."

मला कळलं तिला काय म्हणायचंय. ताजा चिप मोडतो, वाळवलेला फुलतो. तेलात पडल्यावर तो आकसतो, वळतो, मग एकदम पांढरा उमलतो, आणि आत मिठाची चव एकसारखी मुरलेली असते, कारण ती पाण्यातून आलेली असते. वरून कितीही मीठ घाला, तसं होत नाही. मी चार दुकानं, बारा चवी आणि एक सिंगापूर खाऊन हे म्हणतेय.

संध्याकाळी आजीने पत्र्याचा डबा काढला, वर्तमानपत्रावर ओतला आणि मोजलं. एकोणतीस वेफर्स. त्यातले सहा तिने त्या दुकानदारासाठी पुडीत बांधले, तळायच्या सूचनेसह: तेल चांगलं तापलं पाहिजे, एका वेळी दोनच सोडायचे. उरलेले तेवीस परत डब्यात. कार्तिकीला थोडे, महाशिवरात्रीला थोडे, असं तिचं चाललंय.

घरमालकांना मी विचारून ठेवलंय, मार्च-एप्रिलमध्ये तीन दिवस गच्ची द्याल का म्हणून. हो म्हणालेत. बटाटे वर न्यायचं आणि काप पसरायचं काम माझं, आजी खाली खुर्चीत बसून फोनवर सांगणार. जुनं धोतर तेवढं मिळत नाहीये, सुती साडी चालेल का, हे तुमच्यापैकी कुणी केलं असेल तर मला कळवा.